स्टिअरिंग हाताला काय सांगते?

या वेळी परदेशातून आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत: मागच्या चाकांवर चालणाऱ्या, नोकरदार माणसाच्या आवाक्यातल्या दोन दारी स्पोर्ट्स कूपे, त्यांची हाताळणी आणि त्यांच्या स्टिअरिंगची संवेदना. त्यामुळे इतर विषयांवरची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून या पत्रांना जरा सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी पुण्यात फियाट पुंटोवर गाडी चालवायला शिकलो. स्टिअरिंग जड होते, पण रस्त्यावरचा खडासुद्धा हाताला कळायचा. आता टोयोटा जीआर८६ चालवून पाहिली. वळणात गाडी अप्रतिम आहे, परंतु स्टिअरिंगमध्ये मला तो जुना संवाद सापडला नाही. सगळे जण तर याच स्टिअरिंगची स्तुती करतात. माझे काही चुकते आहे का? ३० हजार डॉलरच्या आत जुनी निसान ३७०झेड, ह्युंदाई जेनेसिस कूपे किंवा बीएमडब्ल्यू १२८आय घेणे शहाणपणाचे ठरेल का? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आपले काहीही चुकत नाही. आपल्याला ज्या दोन गोष्टी जाणवल्या त्या मुळातच निरनिराळ्या आहेत, आणि मोटारींवर लिहिणारे आम्ही लोक त्या पुष्कळदा एकाच शब्दात गुंडाळून टाकतो. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी किती चटकन, किती अचूक आणि किती तोल राखून वळते, हा हाताळणीचा प्रश्न झाला. त्याच क्षणी पुढच्या टायरांखाली काय चालले आहे हे तळहाताला किती कळते, हा संवेदनेचा प्रश्न झाला. पहिल्यात उत्तम असलेली गाडी दुसऱ्यात मुकी असू शकते.

ही संवेदना येते कुठून, ते आधी पाहू. गाडी वळत असताना टायर ज्या दिशेला वळवलेला असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेने जातो, त्या दोन दिशांमध्ये थोडासा कोन पडतो. रबर रस्त्याला धरून ताणले जाते, आणि टायर जमिनीला जेथे टेकतो त्या भागाच्या मध्याच्या किंचित मागे हा ताण एकवटतो. त्यामुळे टायर आपण होऊन सरळ व्हायला पाहतो, आणि हाताला लागणारा विरोध बराचसा यातूनच निर्माण होतो. पकड संपत येते तेव्हा टेकलेल्या भागाची मागची बाजू आधी घसरू लागते, ताणाचा बिंदू पुढे सरकतो आणि विरोध कमी होतो. महत्त्वाचे हे की, हा विरोध पुढची पकड पूर्ण सुटण्याच्या थोडा आधी कमी होतो. चांगले स्टिअरिंग ही आगाऊ सूचना हातापर्यंत पोहोचवते, तर वाईट स्टिअरिंगमध्ये ती वाटेतच विरून जाते.

वाटेत ती कुठे विरते, याचे उत्तर पुष्कळ अंशी स्टिअरिंगला साह्य कोण करते यावर अवलंबून आहे. रांजणगावच्या कारखान्यात बनलेल्या आपल्या पुंटोमध्ये हे साह्य तेलाच्या दाबाचे होते. विजेच्या साह्यात मोटरचे स्वतःचे जडत्व आणि घर्षण मध्ये येते, आणि किती जोर लावायचा हे संगणक ठरवतो. मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावर, म्हणजे डॅशबोर्डखाली बसवलेली असली, तर चाकांकडून येणारा प्रत्येक बारीक थरथराट सांधे आणि दांडा ओलांडून त्या मोटरमधूनच हातापर्यंत यावा लागतो; तीच मोटर खाली रॅकवर, म्हणजे चाकांना वळवणाऱ्या दातेरी पट्टीवर, असली की साह्याचा जोर चाकांच्या जवळच लागतो आणि निरोप तुलनेने स्वच्छ येतो. २०१२ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेडमध्ये मोटर या दांड्यावर, म्हणजे कॉलमवरच होती. तरीही त्या स्टिअरिंगची स्तुती झाली आणि ती योग्यच होती, कारण इतर गुण असामान्य होते. आडव्या सिलिंडरांचे इंजिन खाली बसवल्यामुळे गुरुत्वमध्य जमिनीपासून जेमतेम ४६० मिलिमीटरवर होता आणि पुढच्या-मागच्या चाकांवरचे वजन ५३:४७ असे विभागलेले होते. नव्या पिढीत, म्हणजे आपण चालवलेल्या जीआर८६मध्ये, इंजिन २.० लिटरवरून २.४ लिटरचे झाले, वजन १,२७५ किलोच्या आसपासच राहिले आणि सांगाडा पिळाला सुमारे ५० टक्के अधिक ताठ झाला. म्हणून मनगट हलवताच नाक वळते आणि मधल्या वळणात केलेली बारीक दुरुस्तीही गाडी तंतोतंत पाळते. आपल्याला वळणात जो आनंद मिळाला तो या अचूकतेचा होता. मात्र ही गाडी हातापेक्षा कमरेशी अधिक बोलते. बैठक खोल आणि बरीच मागे आहे. मागची चाके काय करत आहेत ते पाठीला आणि कमरेला इतके स्पष्ट कळते की, थोड्या सवयीनंतर पुष्कळ चालक हाताकडून तीच माहिती मागणे सोडून देतात. आपण तिला एका दिवसाऐवजी एक आठवडा दिला असता, तर कदाचित आपले मत काहीसे मवाळ झाले असते.

आता आपण विचारलेल्या जुन्या गाड्या पाहू. तिन्हींचे स्टिअरिंग तेलाच्या दाबाचे आहे, पण त्या एका माळेचे मणी नाहीत.

३७०झेड २००९ ते २०२० या काळात विकली गेली. ३.७ लिटरचे, ३३२ अश्वशक्तीचे व्ही६ इंजिन आणि दीड टनाच्या आसपास वजन, तरी चाकांमधील अंतर फक्त २,५५० मिलिमीटर, म्हणजे जीआर८६पेक्षाही थोडे कमी. स्टिअरिंगला भरपूर वजन आहे आणि रस्ता हाताला लागतो. परंतु रुंद टायरांमुळे ती महामार्गावर अवजड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या धरते आणि हात सतत दुरुस्तीत गुंततात. ही माहिती खरी असली तरी उपयोगाची नाही, आणि लांबच्या प्रवासात ती दमवते. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्या जोरात चालवल्यास तेलाचे तापमान वाढून इंजिन शक्ती कमी करते. त्यामुळे ट्रॅकवर न्यायची असल्यास ऑइल कूलर असलेलीच निवडावी.

जेनेसिस कूपे २०१६पर्यंत बनली. चाकांमधील अंतर २,८२० मिलिमीटर आणि व्ही६ आवृत्तीचे वजन १,५५० किलोहून अधिक. सरळ रस्त्यावर ती शांत आणि भक्कम आहे, मागे टॉर्सन डिफरन्शियल (एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याकडे शक्ती देणारी यंत्रणा) असलेली आवृत्ती वळणातून बाहेर पडताना शक्ती छान रस्त्यावर उतरवते. पण एका पाठोपाठ उलटसुलट वळणे आली की तिचे वजन प्रत्येक वेळी अर्धा क्षण मागे राहते. पैशाच्या मानाने खूप गाडी मिळते, हे मान्य; आपल्या प्रश्नाचे उत्तर ती नव्हे.

१२८आय ही मात्र मी मनापासून सुचवेन. अमेरिकेत ती २००८ ते २०१३ या वर्षांतली मिळते. टर्बो नसलेले ३.० लिटरचे सरळ सहा सिलिंडरचे इंजिन, २३० अश्वशक्ती, आणि हातात असे स्टिअरिंग की वळणात टायरवर भार चढतो तसा विरोध वाढत जातो आणि पकड संपत आली की तो हलकेच उतरतो. वर जी आगाऊ सूचना सांगितली, ती येथे शिकण्याची गरज पडत नाही. पहिल्याच गोल वळणावर ती हाताला कळते. उणिवाही आहेत. गाडी उंच बसते, कारखान्यातून येते त्या स्थितीत वळणात नाक बाहेर ढकलण्याकडे तिचा कल आहे, वर सांगितले तसले मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल नाही, आणि मूळचे, हवा गेल्यावरही चालणारे रन-फ्लॅट टायर इतके कडक की चांगल्या स्टिअरिंगचा अर्धा गुण त्यांतच मरतो. साधे, चांगल्या प्रतीचे उन्हाळी टायर घातले आणि त्याच काळातल्या बीएमडब्ल्यू एम३चे पुढच्या सस्पेन्शनचे आर्म बसवून चाकांना थोडा ऋण कॅम्बर दिला, म्हणजे चाकांचा वरचा भाग किंचित आत कलवला, की नाकाची तक्रार बरीच मिटते. हा बदल या गाडीच्या मालकांत इतका रुळलेला आहे की बीएमडब्ल्यूची कामे करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजला तो समजावून सांगावा लागत नाही. वॉटर पंप इलेक्ट्रिक असून तो पूर्वसूचनेवाचून बंद पडू शकतो. व्हॉल्व्ह कव्हर आणि ऑइल फिल्टर हाउसिंगच्या गॅस्केटांतून तेल झिरपणेही नेहमीचे. तेव्हा आपल्या ३० हजारांपैकी सगळे गाडीवर घालू नयेत, काही हजार या कामांसाठी बाजूला ठेवावेत. न्यू जर्सीच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडते, म्हणून विकत घेण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून खालचा गंज पाहायला विसरू नये.

न्यू जर्सीतल्याच मिलव्हिलच्या ट्रॅकवर दर महिन्याला जाण्याचा आपला बेत असेल, तर मात्र माझे उत्तर बदलेल. तिथे नवी जीआर८६ घ्यावी, कारण दिवसभर मार खाऊन संध्याकाळी घरी परतण्याची खात्री दहा-पंधरा वर्षे जुन्या गाडीत विकत मिळत नाही.

प्रश्न : जीआर८६ आणि बीआरझेड या एकाच कारखान्यात बनतात आणि इंजिनही एकच आहे. मी ब्लॅक स्परच्या डोंगरी रस्त्यावर दोन्ही चालवल्या. जीआर८६ ही १७ इंची चाकांची जीटी आवृत्ती होती आणि बीआरझेडला १८ इंची चाके होती. बीआरझेडचे स्टिअरिंग मला फारच नेमके वाटले, तर जीआर८६ची मागची बाजू लवकर हलली. हा फरक खरा आहे की माझ्या मनाचा? (एक वाचक दांपत्य, मेलबर्न)

उत्तर : फरक खरा आहे, पण आपल्याला जाणवलेला बहुतेक फरक गाड्यांचा नसून टायरांचा आहे. जीटीवर मिशेलिन प्रायमसी एचपी हे टायर येतात. पहिल्या पिढीपासून ते या गाडीवर आहेत आणि ते मुद्दाम निवडलेले होते: पहिल्या ८६चे प्रमुख अभियंते तेत्सुया तादा यांना गाडीची मजा साध्या वेगातच हाती यावी असे वाटत होते, म्हणून माफक पकडीचे टायर दिले गेले. १८ इंचांवर पायलट स्पोर्ट ४ येतात. त्यांची कड बुटकी आणि ताठ, रबर अधिक चिकट. स्टिअरिंगच्या पहिल्या काही अंशांत नेमकेपणा वाटतो तो बराचसा टायरच्या कडेचाच असतो, कारण कड आधी दुमडते आणि मगच नाक वळते. हिलसव्हिलच्या पलीकडे उंच झाडांच्या सावलीत तो रस्ता कित्येक दिवस ओलसर राहतो, आणि ओल्या रस्त्यावर तर या दोन टायरांत फारच अंतर पडते.

उरलेला फरक मात्र अभियंत्यांनी ठेवलेला आहे. बीआरझेडचे पुढचे स्प्रिंग तुलनेने कडक आणि मागचे मऊ, जीआर८६चे याच्या उलट. ज्या टोकाचा स्प्रिंग कडक, त्या टोकाच्या बाहेरच्या चाकावर वळणात अधिक भार जातो आणि ते टोक आधी थकते. म्हणून बीआरझेड मर्यादेपाशी नाकाने किंचित बाहेर सरकून सावध करते, तर जीआर८६ मागच्या बाजूने वळायला मदत करते आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यास ती मदत जास्तच होते. बीआरझेडच्या पुढच्या चाकांचे नकल (ज्यावर चाक बसते तो भाग) ॲल्युमिनियमचे, जीआर८६चे लोखंडी, त्यामुळे खडबडीत वळणावर बीआरझेडचे पुढचे चाक रस्ता थोडा अधिक धरून राहते. मला स्वतःला ओल्या डोंगरी रस्त्यासाठी बीआरझेड आवडते आणि कोरड्या ट्रॅकसाठी जीआर८६. परंतु दोन्हींना एकसारखे टायर घालून पुन्हा चालवाल, तेव्हा दोन गाड्यांमधील निवड वाटते तितकी अवघड उरणार नाही. आपल्याला कोणाची मागची बाजू आवडते एवढेच ठरवायचे राहील.

प्रश्न : ब्रिटनमध्ये जीआर८६ आता नवी मिळत नाही. जुनी जीटी८६ (पहिल्या पिढीची ८६) घ्यावी की माझदा एमएक्स-५ आरएफ? (एक वाचक, बर्मिंगहॅम)

उत्तर : युरोपातील २०२४च्या सुरक्षा नियमांमुळे जीआर८६ तेथे जेमतेम दोन वर्षे विकली गेली, हे दुर्दैवच. आरएफ काटेकोर अर्थाने कूपे नसली तरी छप्पर मिटल्यावर तिची जात तीच आहे, म्हणून तुलना रास्त आहे.

आरएफचे वजन सुमारे १,१०० किलो, चाकांमधील अंतर २,३१० मिलिमीटर आणि पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला दोन त्रिकोणी आर्म असलेले) सस्पेन्शन. २०१५च्या पिढीपासून तिचे स्टिअरिंग विजेचे झाले, पण मोटर कॉलमवर नसून रॅकवर आहे. स्टिअरिंग हलके आहे, त्यात निरोप आहेत, पण ते कुजबुजत्या आवाजात येतात. माझदाने तिला मुद्दाम कलू दिले आहे. वळणात शिरताना ती बाहेरच्या बाजूला झुकते, आणि नवख्या माणसाला तेव्हा वाटते की आता काही तरी सुटणार. प्रत्यक्षात पकड अजून पुष्कळ शिल्लक असते. झुकण्याचा हा वेगच चालकाला सांगतो की भार कुठे चालला आहे. २०२२पासून मागचे आतले चाक हलकेच ब्रेक करून मागची बाजू खाली धरून ठेवण्याची व्यवस्था आली आणि २०२४मध्ये रॅकचे घर्षण कमी केले गेले. ही दुसरी सुधारणा कागदावर लहान दिसते, परंतु स्टिअरिंग अगदी मध्यावर असताना जो चिकटपणा पूर्वी जाणवत असे तो तिने घालवला. शक्य असेल तर २०२४ची किंवा त्यानंतरचीच पाहावी.

जीटी८६ वळणात सपाट राहते, अधिक लांब आणि वेगवान वळणांत अधिक निश्चिंत आहे, आणि तिच्यात छप्पर उघडण्याची यंत्रणा नसल्याने सांगाडा ताठ वाटतो. तिचे २.० लिटरचे इंजिन मधल्या फेऱ्यांत, साधारण मिनिटाला ३,५०० ते ४,५०० दरम्यान, दम सोडते, आणि वळणातून बाहेर पडताना बहुधा आपण नेमके तेथेच असतो. वेल्समधल्या अरुंद, दगडी भिंतींच्या रस्त्यांवर जाणार असाल तर आरएफ घ्यावी. तिची रुंदी कमी आहे आणि साठच्या वेगातही ती काम करते आहे असे वाटते. मागे मुलांना बसवायचे असेल तर प्रश्नच मिटला, कारण आरएफला मागे जागाच नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत स्पोर्ट मोड लावल्यावर स्टिअरिंग जड होते. याला संवेदना वाढली असे म्हणता येईल का? (एक वाचक, सिंगापूर)

उत्तर : नाही. त्या बटणाने फक्त मोटरचे साह्य कमी होते. रस्त्याकडून येणारा निरोप तेवढाच राहतो आणि त्यावर एकसारखे ओझे चढते. कित्येक गाड्यांत निरोप उलट झाकला जातो. साध्या मोडमध्ये, टायरमधील हवा तपासून, हात नऊ-तीनच्या स्थितीत सैल धरून चालवून पाहावे. मूठ आवळली की काहीच कळत नाही.

प्रश्न : या गाड्या भारतात का मिळत नाहीत? आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची, हाताला कळणाऱ्या स्टिअरिंगची चव महाराष्ट्रात कशी घ्यावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पूर्ण बांधून आलेल्या गाडीवर इतका आयात कर बसतो की स्वस्त असणे हा तिचा मुख्य गुणच उरत नाही. २०१६ साली फोर्डने मस्टँग येथे आणली तेव्हा दिल्लीतील किंमत ६५ लाख होती. अमेरिकेत तीच गाडी मध्यमवर्गीय माणूस हप्त्यांवर घेतो. बोलेरो, स्कॉर्पिओ यांची मागची चाके शक्ती घेतात खरी, पण उंच बांधणी आणि शिडीसारख्या चॅसीमुळे त्यांत आपल्याला हवे ते सापडणार नाही. चाकणला जुळणी होणारी मर्सिडीज सी-क्लास मागच्या चाकांची आहे, तोलही उत्तम आहे, परंतु स्टिअरिंग विजेचे.

आपल्यासाठी मी एक जुने नाव सुचवतो. २००७च्या सुमारास चेन्नईत जुळणी सुरू झालेली, ई९० पिढीची बीएमडब्ल्यू ३ सिरीज. वर एडिसनच्या वाचकांना सुचवलेली १२८आय हिचीच धाकटी बहीण. पुढचे सस्पेन्शन बहुतांशी सारखे आणि स्टिअरिंग तेलाच्या दाबाचे. २०१२नंतरच्या एफ३० पिढीत ते विजेचे झाले, म्हणून गाडीचे वर्ष नीट पाहावे. डिझेल ३२०डी मुबलक मिळते, पण नाकावर कमी वजन असलेली पेट्रोल ३२०आय शोधणे श्रमाचे असले तरी योग्य. चांगली निगा राखलेली गाडी मिळेपर्यंत थांबावे. स्वस्त पडलेली जुनी जर्मन गाडी दुरुस्तीत दामदुप्पट वसूल करते.

ती मिळाल्यावर घाटात मागची बाजू सुटते का हे पाहण्याचा मोह कृपया टाळावा. घाटातल्या वळणावर समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला आपला प्रयोग माहीत नसतो. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर, शिकवणाऱ्या माणसाला शेजारी बसवून ते करावे. घाटासाठी एवढेच पुरे आहे: पावसाळ्यापूर्वी टायर आणि अलाइनमेंट करून घ्यावे, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या वेगाने चढावे, आणि प्रत्येक वळणात विरोध कसा वाढतो व सरळ होताना कसा उतरतो याकडे लक्ष ठेवावे. पहिल्या पावसानंतर तोच रस्ता पुन्हा चढाल, तेव्हा तेच स्टिअरिंग त्याच वळणावर थोडे हलके लागेल.